आरमार मोजायचं कशानं?

आरमारांवर मर्यादा घालणारा तह म्हटला की वाचणारा थेट १९२२ च्या वॉशिंग्टनला जाऊन पोहोचतो. पाच राष्ट्रं, ५:५:३ हे गाजलेलं प्रमाण, भंगारात निघालेल्या युद्धनौका. तिथे जायचंच आहे. पण वाटेत वसई लागते, आणि वसईला हा विषय जवळजवळ चारशे वर्षं आधी येऊन गेला होता.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात तह झाला. हुमायून गुजरातवर चालून येण्याच्या बेतात होता, म्हणून सुलतानाला समुद्राकडची बाजू शांत हवी होती. तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना मिळाला, एवढं पुस्तकांत येतं. पुढची कलमं कमी वाचली जातात. तांबड्या समुद्राकडे जाणारी गुजरातची जहाजं वसईहून निघावीत आणि परतताना वसईलाच येऊन जकात भरावी. पोर्तुगिजांच्या परवान्याशिवाय कोणी समुद्रात उतरू नये. सुलतानाने आपल्या कुठल्याही बंदरात लढाऊ जहाज बांधू नये. आणि रूमींना, म्हणजे तुर्कांना, मदत करू नये.

तिसरं कलम निखळ शस्त्रमर्यादेचं आहे. त्यात आकडा नाही, कारण आकडा शून्य आहे. चौथ्या कलमाशी ते जोडून वाचलं की लिहिणाऱ्याची हुशारी दिसते. जहाज बांधायला बंदी घातली तरी दुसऱ्याचं तयार आरमार बोलावून घेता येतं. ती फट आधीच बुजवलेली आहे. आरमारी तह वाचताना काय बंद केलं यापेक्षा काय उघडं राहिलं हे आधी शोधावं, असं मला वाटतं. या लेखात मी तीच खूण धरून चाललो आहे.

वसई आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे डोंगरातले तालुके येतात. समुद्राच्या गोष्टीत त्यांचं काय काम, असं वाटेल. पण शिडाच्या काळातलं आरमार जंगलात उभं असायचं. उत्तर कोकणच्या या डोंगरउतारांवर साग होता, आणि साग ज्याच्या हाती त्याच्या गोदीला काम. पोर्तुगिजांनी मनोरजवळचा आशेरीगड एवढ्या आटापिट्याने धरून ठेवला, त्यामागे आसपासच्या इमारती लाकडाचा हिशेब होता. वसईला त्यांची जहाजं बांधली जात. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बंदरांवर बंदी घातली, पण डोंगरातल्या जंगलावर ती चालत नव्हती. तिथे मुकणे घराण्याचं जव्हार होतं, उत्तरेला रामनगर होतं, आणि दमणच्या मुलखासाठी पोर्तुगीज रामनगरच्या राजाला चौथाई देत होते. समुद्रावर परवाने वाटणारी सत्ता डोंगराकडे वळली की खंडणी भरत होती.

१६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी आधी जव्हार आणि मग रामनगर घेतलं. लगोलग शिवाजी महाराजांनी दमणच्या चौथाईवर हक्क सांगितला. यात जहाजांच्या संख्येचा संबंध नव्हता, तरी किनाऱ्यावरच्या पोर्तुगिजांचं वजन घटलं. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला तोही मुख्यतः जमिनीवरून, सुरुंग आणि मोर्चे लावून. समुद्रावर पोर्तुगीज तेव्हाही हलके नव्हते. दोन आरमारांची तुलना जहाजं मोजून करणाऱ्याला हे दोन प्रसंग अडचणीचे आहेत. बंदर, त्याची पाठ आणि पाठीमागचं लाकूड हे सगळं आरमारातच धरायला हवं, पण कुठल्याही तहाच्या कोष्टकात त्यासाठी रकाना नसतो.

आपल्याकडे आरमाराची मोजणी कशी करत? रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक सुभा धरलेला आहे. म्हणजे एकक जहाजाचं नाही, जहाजांच्या मेळाचं आहे. गुराब तोफा वाहणार, गलबतं वल्ह्यांवर पळणार, वारा पडला की गुराब ओढून नेणार, शत्रूच्या जहाजाला भिडणार. त्या काळच्या इंग्रजी वर्णनांत तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची आणि गलबत फार तर ७० टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं असं येतं. वारा नसला की कामाचं नाही असं अवाढव्य जहाज बांधू नये, मध्यम बांधावं, असा अमात्यांचा सल्ला आहे. सागासारखी झाडं हुजुरच्या परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वाढायला पिढ्या लागतात आणि तोडली तर रयतेचा तळतळाट घ्यावा लागतो, हेही तिथेच आहे. आरमाराच्या प्रकरणात फणसाची काळजी करणारा राज्यकर्ता मला फार मोठा वाटतो. वॉशिंग्टनच्या तहात पोलादासाठी लोखंड कुठल्या खाणीतून येतं याचा विचार दिसत नाही.

कोकणच्या समुद्रावरचे तह बहुतेक परवान्यांचे होते. पोर्तुगिजांच्या कार्ताझ नावाच्या परवान्यात जहाजाचं नाव, तांडेल, आकार, किती शस्त्रं बरोबर न्यायची हे नोंदलेलं असे. म्हणजे प्रत्येक जहाजापुरता एक छोटा शस्त्रमर्यादेचा कागदच. कान्होजी आंग्रे आपले दस्तक देऊ लागले तेव्हा त्यांनी त्याच अधिकाराला हात घातला. १७१३ मध्ये त्यांचा मुंबईकर इंग्रजांशी समझोता झाला, कंपनीची जहाजं अडवायची नाहीत असा. वर्षा-दोन वर्षांत भांडण लागलं ते ‘कंपनीचं जहाज’ म्हणजे काय यावर. कंपनीच्या मालकीचं? की कंपनीचा परवाना घेतलेल्या एखाद्या सुरती सावकाराचं? की सावकाराच्या जहाजात कंपनीचा माल असेल तर तेही? इंग्रज व्याख्या रुंद करत गेले, कान्होजी अरुंद करत गेले, आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. हात हलवत परत गेले ते सोडा. तह तुटला तो व्याख्येवर, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे ‘टन’ या एका शब्दावर याहून मोठी भांडणं झाली.

ते आरमार संपलं ते मात्र तहाने नाही, आगीने. नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर तोफगोळा पडला, ते पेटलं, आणि शेजारी-शेजारी नांगरलेला सगळा ताफा जळून गेला. नानासाहेबांच्या या निर्णयावर मराठीत इतकं लिहून झालं आहे की मी भर घालत नाही.

उरलेल्यांचा हिशेब १८१२ मध्ये पुरा झाला, आणि शस्त्रमर्यादेच्या इतिहासात त्या वर्षाची नोंद व्हायला हवी तशी झालेली नाही. कोल्हापूरकरांनी कंपनीला मालवण दिलं आणि यापुढे लढाऊ जहाज बाळगणार नाही, आपल्या बंदरात ते सज्ज होऊ देणार नाही, असं लिहून दिलं. सावंतवाडीने वेंगुर्ले दिलं आणि आपली लढाऊ जहाजं हवाली करायचं कबूल केलं. बदल्यात संरक्षणाची हमी आली. नेमक्या त्याच सुमाराला मुंबईच्या गोदीत वाडिया सागवानी युद्धनौका बांधत होते. १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ पाण्यात उतरली होती, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ उतरली. हीच ‘कॉर्नवॉलिस’ १८४२ मध्ये चीनमध्ये उभी होती आणि नानकिंगचा तह तिच्यावर सह्या होऊन झाला. मालवणला शून्य, मुंबईला ७४ तोफा, आणि दोन्ही कोकणातच.

एक गंमत सांगायला हरकत नाही. पुढे इंग्रजी राजवटीत संस्थानांची प्रतिष्ठा तोफांच्या सलामीत मोजली जाऊ लागली. कोल्हापूरला १९ तोफा मिळाल्या. सावंतवाडीला ९, आणि जव्हारलाही ९. जव्हारने कधी लढाऊ जहाज बाळगलं नव्हतं, त्यामुळे सोडूनही दिलं नव्हतं. आरमार हवाली केलेल्या सावंतवाडीची आणि ते नसलेल्याच जव्हारची किंमत साम्राज्याने सारखी लावली.

१५३४ आणि १८१२ या दोन्ही तहांत मर्यादा एकाच पक्षावर आहे. दुसरा पक्ष मोकळा. अशा कागदाला मी शरणागतीचाच एक प्रकार म्हणेन. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेला व्हर्सायचा तह याच जातीचा: सहा जुन्या युद्धनौका ठेवा, बदली जहाज १०,००० टनांच्या आत बांधा, पाणबुडी एकही नको. जर्मनांनी १०,००० टनांच्या नावाखाली ११ इंची तोफांची ‘डॉइचलांड’ बांधली. क्रूझरपेक्षा ताकदवान, युद्धनौकेपेक्षा चपळ, अशी ही जात तहानेच जन्माला घातली.

वॉशिंग्टनचं वेगळेपण इथे कळतं. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी परिषद सुरू झाली तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी पहिल्याच भाषणात आपल्याच देशाच्या अर्धवट बांधलेल्या युद्धनौका मोडीत काढायची तयारी दाखवली आणि लगोलग इंग्रज नि जपानी जहाजांचीही नावं घेतली. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी तह झाला. युद्धनौकांसाठी अमेरिका आणि ब्रिटन प्रत्येकी ५,२५,००० टन, जपान ३,१५,०००, फ्रान्स आणि इटली प्रत्येकी १,७५,०००. एका जहाजाला ३५,००० टनांची आणि १६ इंची तोफेची कमाल मर्यादा. विमानवाहू जहाजांसाठी १,३५,००० टनांपासून खाली वेगळं कोष्टक. दहा वर्षं नवी युद्धनौका बांधायची नाही, काही ठरलेले अपवाद वगळता. फ्रान्सला इटलीच्या पंगतीला बसवल्याचा राग आला, इटलीला न बांधलेल्या जहाजांबद्दल बरोबरी मिळाली. ते प्रकरण इथे सोडून देऊ.

हे प्रमाण लोक पाठ म्हणतात, पण ते भविष्यातलं होतं. सह्या झाल्या त्या दिवशी हाती ठेवायला मिळालेली जहाजं पाहिली तर ब्रिटन ५,८०,४५० टन, अमेरिका ५,००,६५०, जपान ३,०१,३२०, फ्रान्स २,२१,१७०, इटली १,८२,८००. ब्रिटनची जहाजं संख्येने जास्त पण जुनी, म्हणून टनांत झुकतं माप. जपानची कमी पण नवी. ‘मुत्सु’ या युद्धनौकेवर तर बाजारातल्यासारखी घासाघीस झाली. ह्यूज यांच्या यादीत ती अपुरी म्हणून मोडीत जाणार होती. जपानचं म्हणणं ती पुरी झाली आहे, आणि तिच्यासाठी शाळेतल्या मुलांनी वर्गणी दिली आहे. शेवटी ती राहिली. बदल्यात अमेरिकेने दोन जहाजं पुरी करून घेतली आणि ब्रिटनला दोन नवी बांधायची मुभा मिळाली. त्याच पुढच्या ‘नेल्सन’ आणि ‘रॉडनी’. जपान्यांना ७०% हवं होतं. ६०% वर ते येतील हे अमेरिकेला आधीच ठाऊक होतं, कारण हर्बर्ट यार्डली यांच्या खात्याने तोक्योच्या तारा फोडल्या होत्या. यार्डलींनी १९३१ मध्ये पुस्तक लिहून हे जगजाहीर केलं, तेव्हा जपानमध्ये भडका उडाला.

आता ‘टन’. प्रत्येक देश जहाजाचं वजन आपापल्या रीतीने सांगत असे. तहाने व्याख्या केली: माणसं, तोफा, दारूगोळा, शिधा सगळं भरलेलं, समुद्रात जायला सज्ज जहाज, पण इंधन आणि बॉयलरचं राखीव पाणी सोडून. या वगळण्यात साम्राज्याचा भूगोल होता. ज्याला लांब जायचं त्याला इंधन जास्त. ते वजनात धरलं तर चिलखत कमी करावं लागलं असतं. ब्रिटिशांना आणि पॅसिफिक ओलांडू पाहणाऱ्या अमेरिकनांना ही व्याख्या सोयीची पडली, घराजवळ लढू पाहणाऱ्या जपानला तिचा फायदा कमी.

व्याख्या ठरली की आराखडे तिच्याभोवती वळू लागले. इंग्रजांनी ‘नेल्सन’च्या बाजूंना संरक्षणासाठी पाण्याचे कप्पे ठेवले आणि ते पाणी मोजायचं नाही अशी सोय लावून घेतली. अमेरिकेने मोडीत निघायच्या दोन युद्ध-क्रूझरांच्या सांगाड्यांवर ‘लेक्सिंग्टन’ आणि ‘सॅराटोगा’ ही विमानवाहू जहाजं उभी केली. त्यासाठी तहात ३३,००० टनांची खास सवलत होती. जपानने ‘आकागी’ आणि ‘कागा’ तशीच वळवली. ज्या जहाजांनी पुढे दुसऱ्या महायुद्धात समुद्रावरची लढाई पालटली त्यांतली काही मोडीच्या यादीतून आली होती. तह करणाऱ्यांच्या डोक्यात मात्र युद्धनौकाच खरं आरमार होतं.

क्रूझरांना संख्येची मर्यादा नव्हती, फक्त १०,००० टन आणि ८ इंची तोफ ही कमाल. परिणाम असा की प्रत्येकाने नेमकी १०,००० टनांची, ८ इंची तोफांचीच क्रूझर बांधायला घेतली. कमाल मर्यादा हाच नमुना झाला. १९२७ ला जिनिव्हात ही फट बुजवायचा प्रयत्न फसला. २२ एप्रिल १९३० च्या लंडन तहात ती बुजली. जड क्रूझर अमेरिकेला १८, ब्रिटनला १५, जपानला १२. हलक्या क्रूझर, विनाशिका, पाणबुड्या सगळ्यांना टन ठरले. पाणबुड्यांत तिघांना सारखे ५२,७००. जपानच्या पंतप्रधान हामागुचींवर त्याच वर्षी तोक्यो स्थानकात गोळी झाडली गेली, पुढच्या वर्षी ते वारले. आरमारी आकड्यांनी माणसं मरतात ती फक्त लढाईतच नाही.

लंडनच्या तहाने ६०० टनांखालची जहाजं मोजणीतून वगळली होती. जपानने ६०० च्या आत बसणाऱ्या टॉर्पेडो-नौकांवर विनाशिकेच्या तोडीच्या तीन ५ इंची तोफा आणि चार टॉर्पेडो-नळ्या चढवल्या. १२ मार्च १९३४ ला त्यांतली ‘तोमोझुरु’ वादळात उलटली आणि बहुतेक खलाशी गेले. चौकशीत कळलं ते कुठल्याही नाखव्याला डोळ्यांनी दिसलं असतं: बुडाशी वजन कमी, माथ्यावर जास्त. मग एकामागून एक जपानी जहाजांचे आराखडे दुरुस्तीला घ्यावे लागले. ‘मोगामी’ जातीच्या क्रूझर जाहीर ८,५०० टनांच्या, त्यांवर ६.१ इंची पंधरा तोफा; आणि मुळात अशी आखणी की तह सुटला की बुरूज काढून ८ इंची तोफा बसवता याव्यात. १९३९ च्या सुमारास त्या बसल्या.

अशा चोऱ्या सांगून तह फोल होता असा निष्कर्ष काढायची पद्धत आहे. मला तो पटत नाही. १४ वर्षं युद्धनौकांची शर्यत थांबली, तिजोऱ्या वाचल्या, आणि ज्यांनी मर्यादा ओलांडली त्यांनीही बहुतांशी ती काठाकाठाने ओलांडली. तहाची खरी कमजोर बाजू टनांत नव्हती, तळांत होती. १९ व्या कलमाने अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांनी पॅसिफिकमधल्या आपापल्या ठरावीक बेटांवर नवी तटबंदी करायची नाही असं मान्य केलं. हवाई त्यातून वगळलेलं होतं. ब्रिटनसाठी रेघ ११० अंश पूर्व रेखांशावर ओढली, त्यामुळे सिंगापूर बाहेर राहिलं आणि तिथे मोठा नाविक तळ उभा राहिला, १९३८ मध्ये उघडला. फिलिपिन्स मात्र कलमाच्या आत अडकलं. म्हणजे ५:३ हे प्रमाण कागदावर अमेरिकेच्या बाजूचं, पण जपानच्या अंगणात तळ नसलेल्या पाचाची किंमत तिनाहून फार जास्त उरत नव्हती. विजयदुर्गाची खाडी ज्याच्या हाती त्याचं आरमार, हे कोकणातल्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही.

पुढचा शेवट झपाट्याने झाला. जपानने डिसेंबर १९३४ मध्ये तह सोडण्याची सूचना दिली. जून १९३५ मध्ये ब्रिटनने जर्मनीला आपल्या आरमाराच्या ३५% पर्यंत आरमार बांधायची परवानगी देणारा वेगळा करार केला. ३५,००० टनांची म्हणून सांगितलेली ‘बिस्मार्क’ प्रत्यक्षात ४१,००० च्या वर भरली. १९३६ अखेर मुदत संपली, आणि १९३७ मध्ये जपानने ‘यामातो’ बांधायला घेतली, ६०,००० टनांच्या वर, १८ इंचांहून मोठ्या तोफांची.

या सगळ्यात आपण कुठे होतो? वॉशिंग्टनच्या तहावर हिंदुस्थानची स्वतंत्र सही आहे, व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची. लंडनच्या तहावर सर अतुल चॅटर्जींची. पण कोष्टकात हिंदुस्थानचा रकाना नाही. आपला वाटा ब्रिटनच्या ५,२५,००० टनांतच कुठेतरी, तोही युद्धनौकांचा, म्हणजे आपल्यासाठी शून्य. सही करणारा देश आणि मोजला जाणारा देश वेगळा, असं क्वचित घडतं. त्यावर हिंदुस्थान ब्रिटिश नौदलाला दरवर्षी एक लाख पौंड भरत होता.

मुंबईला तेव्हा होती ती रॉयल इंडियन मरिन. तिला लढाऊ दल करायची शिफारस १९२०च्या दशकाच्या मध्यात झाली, पण शिस्तीचं विधेयक १९२८ मध्ये कायदेमंडळाने एका मताने फेटाळलं. आमच्या पैशाने चालणारी जहाजं आम्हाला न विचारता लंडन वापरणार, हा सदस्यांचा आक्षेप होता, आणि तो रास्त होता. २ ऑक्टोबर १९३४ ला मुंबईत रॉयल इंडियन नेव्ही उभी राहिली.

तिच्याकडे काय होतं? ‘हिंदुस्थान’, ‘क्लाइव्ह’, ‘कॉर्नवॉलिस’, ‘लॉरेन्स’ ही स्लूप, म्हणजे लहान पहारेकरी जहाजं, आणि थोडी फुटकळ जहाजं. आता लंडन तहाचं आठवं कलम पुन्हा उघडा. २,००० टनांच्या आत, ६.१ इंचांहून मोठी तोफ नाही, तीन इंचांवरच्या तोफा चारांहून जास्त नाहीत, टॉर्पेडो नाहीत, वेग २० नॉटच्या आत, अशा जहाजांना कुठलीही मर्यादा नाही. १९३० ची ‘हिंदुस्थान’ बरोब्बर या चौकटीत बसते: हजार-बाराशे टन, चार इंची दोन तोफा, वेग २० च्या खाली. भारतीय नौदलाची सुरुवात तहाने न मोजलेल्या जहाजांतून झाली. ब्रिटनला यात दुहेरी सोय होती. आपल्या टनांना धक्का न लागता हिंदुस्थानच्या खर्चाने किनाऱ्यावर पहारा उभा राहत होता.

१९३८ मध्ये ते लाख पौंड माफ झाले. अट अशी की हिंदुस्थानने निदान सहा आधुनिक रक्षक जहाजं कायम ठेवावीत. ज्या दशकात सगळे आरमारी करार ‘याहून जास्त नको’ म्हणत होते त्याच दशकातला हा ‘याहून कमी नको’ सांगणारा करार. १९४७ ला फाळणीत या ताफ्याची वाटणी झाली तीही प्रमाणाने. सहा स्लूपपैकी चार भारताला, दोन पाकिस्तानला. फ्रिगेट दोघांना दोन-दोन. माइनस्वीपर बारा आणि चार. तळाचा प्रश्न वाटणीत आलाच नाही. मुंबई इकडे होती, कराची तिकडे.

आज हिंदी महासागरात टन मोजणारा एकही तह नाही, तरी वर्तमानपत्रांत तुलना रोज चालते. चीनचं नौदल जगात सर्वांत मोठं म्हणतात ते जहाजांच्या संख्येने. टनांनी अमेरिका अजून पुढे आहे. ४५,००० टनांच्या आसपासची ‘विक्रांत’ आणि हजार टनांची गस्ती नौका संख्येत एक-एकच भरतात. असा आकडा वाचला की कशानं मोजलं ते आधी विचारावं, आणि लगेच ते जहाज कुठल्या बंदरात परततं हेही.

आपल्या समुद्राला लागू असलेला एक करार मात्र आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ६ एप्रिल १९९१ ला भारत आणि पाकिस्तान यांनी लष्करी सरावांची पूर्वसूचना देण्याचं ठरवलं. विनाशिका किंवा फ्रिगेट आकाराची सहा किंवा अधिक जहाजं एकत्र सराव करत दुसऱ्याच्या आर्थिक क्षेत्रात जाणार असतील तर आधी कळवायचं. आंतरराष्ट्रीय समुद्रात एकमेकांच्या नौदलाच्या जहाजांनी तीन सागरी मैलांपेक्षा जवळ यायचं नाही. हा करार किती बांधा हे सांगत नाही, किती एकत्र निघा तेही नाही. निघालात तर सांगा म्हणतो. पाच जहाजं निघाली तर सांगायची गरज नाही.

मासेमारीच्या बोटींना हे कलम लागू नाही. पालघर जिल्ह्यातले आदिवासी, डहाणू-तलासरीकडचे जास्त, आतल्या डोंगरी तालुक्यांतलेही, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि सर क्रीकजवळ सीमारेषाच ठरलेली नसल्याने पकडले गेले की कराचीच्या तुरुंगात जातात. त्यांच्यासाठी वेगळा कागद आहे. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, आणि त्यांत मच्छीमारांचा आकडा इतर कैद्यांपासून वेगळा लिहिलेला असतो.